तीन भेटी, दार बंद

४ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र कामाचं आहे. अक्षर ओळखून फेकायला निघाली असशील, तर निदान पुढचा परिच्छेद वाच आणि मग खुशाल फेक.

तुझ्या घराच्या रस्त्याकडच्या दारावर नगरपालिकेने नोटीस चिकटवली आहे. ती तू पाहिलेली नसणार, कारण ते दार तू उघडतच नाहीस. आतून त्याला शिवणयंत्रांचं कपाट लागलेलं आहे, आणि तू, तुझी गिऱ्हाइकं, दूधवाला, सगळे बाजूच्या बोळातून येतात-जातात. तेव्हा बोळातून बाहेर ये, वळसा घालून पुढे जा आणि ती नोटीस वाच. मजकूर थोडक्यात असा: तुमचा रस्ता नऊ मीटरचा बारा मीटर होणार आहे. वाढीव तीन मीटर पूर्ण तुझ्याच बाजूने घेतले आहेत. नवी रेषा तुझ्या पुढच्या खोलीच्या मधोमध जाते. म्हणजे तुझी दुरुस्तीची खोली निम्मी राहील, आणि निम्म्या खोलीत बारा यंत्रं, टेबल आणि तू कशी बसणार ते मला दिसत नाही.

हा अजून मसुदा आहे. हरकत घेता येते. शेवटची तारीख ५ मार्च. कोरा अर्ज सोबत जोडला आहे. वीजबिलाच्या प्रती लाव, दुकानाचा परवाना लाव, गिऱ्हाइकांना देतेस त्या चिठ्ठ्यांच्या प्रती लाव. त्यानंतर सुनावणीला बोलावतील. त्या दिवशी आजारी पडू नकोस.

मला हे सगळं कसं माहीत, असं तू विचारशील. मी नगररचनेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवी हातात पडण्याआधी प्रत्येकाला चार महिने एखाद्या नगरपालिकेच्या किंवा तसल्याच कार्यालयात काम करावं लागतं. मला तुमच्याच भागाचं कार्यालय मिळालं. मी मागितलं नव्हतं. माझं टेबल झेरॉक्स यंत्राच्या शेजारी आहे, त्यामुळे दिवसभर गरम हवा आणि 'जरा एवढी एक कॉपी काढ ना' या दोन गोष्टी फुकट मिळतात. शिकाऊ म्हणजे सगळ्यांचं काम करणारा आणि कुणाचाच नसलेला माणूस. पण तक्रार नाही. काम मला आवडतं.

नोटीस फक्त दारावर का चिकटवली, हाती का दिली नाही, तर पाहणीत तुझं घर 'बंद, वापरात नाही' असं नोंदलं गेलं आहे. तीन भेटी झाल्या, प्रतिसाद मिळाला नाही, असा शेरा आहे. अशा गोष्टी होतात. कुणी नोंदवलं याला आता काही अर्थ नाही.

कळावे,
भाची

ता. क. अर्ज काळ्या शाईने भर. इथे निळ्या शाईच्या अर्जाकडे सावत्र नजरेने बघतात.


१४ फेब्रुवारी

मावशी,

दहा दिवस झाले. हरकतींची आवक नोंदवही मी रोज दोनदा बघते. आजपर्यंत त्रेपन्न अर्ज आले, त्यात तुझा नाही. एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या झाडाविरुद्ध हरकत घेतली आहे. झाड रस्त्यात येत नाही, पण संधी कशाला सोडा. दुसऱ्या एकांचं घर या रस्त्यावरच नाही. त्यांनी 'सर्वसाधारण हरकत' म्हणून तीन पानं लिहिली आहेत आणि खाली दोनदा सही केली आहे. ज्यांचं काही जात नाही ते रांगा लावतात, आणि जिची खोली जाते ती गप्प बसते. तुझा स्वभाव मला माहीत आहे. नाकावर माशी बसू देणार नाहीस, पण माशी बसली असं कुणाला सांगणारही नाहीस.

तर आता सांगते. ती नोंद मी केली.

आम्ही शिकाऊ मुलं घरोघर जाऊन तक्ता भरतो. घराचा वापर काय, मजले किती, माणसं किती. मग कार्यालयात नकाशावर रंग भरायचे. राहतं घर पिवळं, दुकान निळं, दोन्ही असेल तर पिवळ्यावर निळ्या रेघा, आणि बंद घर राखाडी. माझ्या वाट्याला दोनशे बारा घरं आली होती, त्यात तुमचा रस्ता. रस्त्याची रेषा ठरवणारी माणसं रस्त्यावर येत नाहीत, ती नकाशा बघतात. राखाडी जिथे सलग दिसतो तिथे रेषा सरकते, कारण तिथे कुणी भांडायला येणार नसतं. तुझ्या एका अंगाला बर्फाचं जुनं गोदाम, दुसऱ्या अंगाला बंद पडलेला शिकवणीवर्ग. दोन्ही खरोखर राखाडी. मधे तू. तुझं घर पिवळं-निळं असतं तर राखाडी तुटला असता आणि रेषा बहुतेक दोन्ही बाजूंना वाटली गेली असती. हे मला आमच्या नकाशे काढणाऱ्या काकांनी समजावलं. त्यांना सगळे पट्टीकाका म्हणतात, कारण लोखंडी पट्टी जेवतानासुद्धा त्यांच्या मांडीवर असते.

आता माझ्यावर डाफरू नकोस. मी नियमाने तीन वेळा आले. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी. तू उघडलं नाहीस. दार न उघडणं तुला काही नवीन नाही.

बाबा बरे आहेत. गुडघे दुखतात. छोटी आई त्यांना रोज चालायला नेते आणि ते रोज कुरकुरतात. धाकटा पाचवीत आहे. 'कुणाला लिहितेस?' म्हणून मानगुटीवर बसला होता. मी सांगितलं, कार्यालयाचं काम आहे. त्याला ते पटलं.

अर्ज कर. एवढंच म्हणणं आहे.

भाची


२३ फेब्रुवारी

मावशी,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं होतं. 'तू उघडलं नाहीस' असं मी लिहिलं. उघडायला आधी कुणी वाजवायला हवं. मी वाजवलंच नाही.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला आले. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या पत्र्याखाली उभी राहिले. आतून यंत्राचा आवाज येत होता. दुरुस्त केलेलं यंत्र तू अजून जुन्या चादरीच्या तुकड्यावर चालवून बघतेस, आधी हळू, मग एकदम जोरात. म्हणजे तू घरात होतीस, हे मला दोन मिनिटांत कळलं. मी तक्त्यात लिहिलं: भेट एक, दार बंद. आणि दार बंदच होतं ना! रस्त्याकडचं दार माझ्या जन्माआधीपासून बंद आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. एक बाई पिशवीत यंत्राचं डोकं घेऊन बोळात शिरली आणि ते तुझ्याकडे ठेवून रिकाम्या हातांनी बाहेर आली. मी पाहिलं. लिहिलं: भेट दोन, दार बंद.

तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याने विचारलं, "काय ताई, कुणाला शोधताय का?" मी म्हटलं, "कुणाला नाही." तिसऱ्या भेटीनंतर शेजाऱ्यांकडे चौकशी करायची, असा नियम आहे. शेजारी स्वतःहून विचारत होता, आणि मी लिहिलं: शेजाऱ्यांना माहिती नाही.

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर ती चूक म्हणता आली असती. बिचाऱ्याने पुढचं दार ठोकलं असतं, कपाटामागे तुला ऐकू गेलं नसतं, मिटलं. पण मला तो बोळ डोळे मिटून चालता येतो. म्हणून ही चूक नाही, लबाडी आहे. उरलेली दोनशे अकरा दारं मी वाजवली. एका घरी कुत्रं अंगावर आलं, एका घरी आजोबांनी मला मतं मागायला आलेली समजून तासभर बसवलं, तरी वाजवली. तुझ्या दाराला हात उचलला नाही. का, ते विचारू नकोस.

आता पुढचं ऐक. चूक सुधारायचा एक सरळ मार्ग आहे. ज्याने नोंद केली त्याने लेखी दुरुस्ती द्यायची. ती मी दिली, तर माझा एकही शेरा विश्वासाचा राहणार नाही, दोनशे बारा घरं पुन्हा तपासावी लागतील, प्रमाणपत्र अडकेल, प्रमाणपत्राशिवाय पदवी अडकेल आणि जूनपासून जे काम मिळतंय तेही जाईल. गेल्या सोमवारी विभागाच्या मॅडमनी माझा तक्ता सगळ्यांसमोर वर धरला आणि म्हणाल्या, "याला म्हणतात स्वच्छ काम. शिका जरा." मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, किती विनयी मुलगी.

दुसरा मार्ग म्हणजे तू हरकत घ्यायची. मग 'घरमालक त्या वेळी बाहेर असतील' म्हणून प्रकरण मिटतं आणि मला काहीच करावं लागत नाही. म्हणून तुला पत्रांवर पत्रं पाठवतेय. तुझी काळजी आहेच, पण त्यात निम्मा माझा स्वार्थ आहे. तुझ्यापासून लपवून उपयोग नाही, तुला माझी नस लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि लिहितेच आहे तर एक राहिलेलं लिहून टाकते. आई गेल्यावर सहा वर्षं तू मला सांभाळलंस. बाबा आणि छोटी आई मला न्यायला आले, तेव्हा तू म्हणालीस, "तिलाच विचारा." सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी म्हणाले, "बाबांकडे." तुला वाटलं असेल, सहा वर्षांचं सगळं पाण्यात गेलं. मावशी, बाबांच्या इमारतीला लिफ्ट होती. मी अकरा वर्षांची होते आणि मला रोज लिफ्टमध्ये बसायचं होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं. ती लिफ्ट आता महिन्यातले वीस दिवस बंद असते आणि मी चार मजले चढून जाते.

अजून दहा दिवस आहेत. काळी शाई.

भाची


३ मार्च

मावशी,

आज सकाळी दुरुस्ती दिली.

काल संध्याकाळी आवक नोंदवही चाळत होते, तर पट्टीकाका मागे येऊन उभे. म्हणाले, "कुणाचा अर्ज शोधतेस गं? वाट बघतेस की धाक आहे?" मी म्हटलं, दोन्ही. मग त्यांच्या टेबलापाशी बसून सगळं सांगितलं. तुझं, माझं, इस्त्रीवाल्याचं. त्यांनी मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. पट्टी पुसत राहिले.

"मावशी अर्ज करेल असं वाटतं?"

"नाही वाटत."

"का?"

"माझं पत्र आहे म्हणून."

"मग तिच्या अर्जावर कशाला विसंबून राहिलीस? ते घर चालू आहे हे तिला माहीत आहे, तुला माहीत आहे, आता मलाही माहीत झालं. ज्यांना माहीत असायला हवं त्या मॅडम तेवढ्या राहिल्या."

"काका, वर्ष जाईल माझं."

"जाईल. मी तीस वर्षं रेघा मारतोय, बाळ. कागदावरची रेघ रबराने जाते. भिंत पाडायला यंत्र आलं, की मग माझ्या रबराला कोण विचारतं?" एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि मला निम्मी पोळी दिली.

सकाळी मॅडमनी माझा कागद दोनदा वाचला. त्या कधी ओरडत नाहीत, आणि तेच वाईट.

"हे आत्ता का सांगतेस?"

"परवा मुदत संपते म्हणून."

"महिनाभर का नाही सांगितलं?"

"तुम्ही शाबासकी दिलीत म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "बाहेर बस." मी दोन तास त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले. जाणारा-येणारा बघत होता. शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटत होतं, फरक एवढाच की या वेळी मी निरपराध नव्हते.

दुपारी नोंदवही पाहिली. अनुक्रमांक एकशे सतरा, तुझं नाव. टपालाने आलेला नाही, हाती दिलेला. वेळ सकाळी अकरा चाळीस. म्हणजे तू इथे येऊन गेलीस. मी बाकावर होते आणि आवक खिडकी त्या भिंतीच्या पलीकडे आहे. वीस पावलं, फार तर.

अर्जात काय लिहिलंस ते मला बघता येणार नाही. मी आता या प्रकरणात साक्षीदार आहे, किंवा आरोपी, अजून ठरायचं आहे. काहीही लिहिलं असशील तरी चालेल. माझ्याबद्दल वाईट लिहिलं असशील तर ते बरोबरच असणार.

अर्ज केलास, त्याने फार हलकं वाटलं. आधी केला असतास तर मला माझा कागद द्यावाच लागला नसता, असाही विचार आला. लगेच स्वतःची लाज वाटली. दोन्ही एकाच मिनिटात.

भाची


१९ मार्च

मावशी,

सुनावणीत तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. तू बारीक झाली आहेस. केस कापलेस, ते चांगले दिसतात. हे मला तिथे बोलता आलं नाही.

त्या खोलीत काय झालं ते तुलाही माहीत आहे, तरी मी लिहिते. काल सुनावणी संपल्यापासून मी ते सारखं मनात घोळवते आहे आणि कुठेतरी उतरवल्याशिवाय झोप यायची नाही.

मॅडमपुढे दोन कागद होते. डावीकडे माझा: मी दार वाजवलं नाही, खोटा शेरा लिहिला. उजवीकडे तुझा. मॅडमनी तो मोठ्याने वाचला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. 'घर चालू आहे. पाहणीसाठी आलेल्या मुलीचा दोष नाही. ती बाजूच्या दाराशी आली होती. तिने तीनदा कडी वाजवली. मी आत होते. मी उघडलं नाही.'

मॅडम म्हणाल्या, "पंधरा वर्षं सुनावण्या घेते आहे. इथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तुम्ही दोघी स्वतःकडेच काय दाखवता? आता मी कुणाचं खरं मानू?"

मी उठून म्हटलं, "माझं. मी बोळात गेलेच नव्हते."

तू उठलीही नाहीस. बसल्या जागेवरून म्हणालीस, "आली होती."

"कोणत्या तारखेला?" मॅडमनी विचारलं.

"तारीख काय विचारता बाई. आली होती, वाजवलं होतं, मी उघडलं नाही. एवढं लिहून घ्या."

पट्टीकाकांनी नकाशावरून डोकं वर काढून आधी तुझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांना वाटलं, ही बाई भाचीला वाचवायला खोटं बोलते आहे. सगळ्यांना तेच वाटलं. मलाही अर्धं मिनिट तेच वाटलं.

मग मला कळलं, तू कोणत्या दिवसाबद्दल बोलते आहेस.

मी बाबांकडे जाऊन सहा महिने झाले होते. रविवार होता. घरी कुणालाही न सांगता दोन बस बदलून आले होते. बोळात शिरले, कडी वाजवली. एकदा, मग थोडं थांबून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. 'मावशी' म्हणून हाकही मारली. मग पायरीवर बसले. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं म्हणून उठले. घरी मार खाल्ला नाही, पण रडारड झाली. 'मावशी घरी नव्हती,' असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. अकरा वर्षं मी ते इतकं घट्ट धरून ठेवलं की दुसरा विचारच मनात येऊ दिला नाही. दुसऱ्या पत्रात ते 'दार न उघडणं नवीन नाही' कुठून आलं, ते माझं मलाच कळलं नव्हतं. जानेवारीत तुझ्या घरासमोर उभी राहिले आणि आतून यंत्राचा आवाज आला, तेव्हा हात का उचलला नाही, तेही आता कळतं. वाजवलं असतं आणि तू आत असूनही उघडलं नसतंस, तर मग त्या रविवारीही तू आतच होतीस, हे मला मान्य करावं लागलं असतं. नोंदीत घर बंद लिहिणं त्यापेक्षा सोपं होतं.

तू घरी होतीस. भर कचेरीत, सगळ्यांसमोर, तू ते लिहून दिलंस. मला राग यायला हवा होता. येईलही कदाचित, अजून दोन दिवसांनी. काल मात्र मला फक्त बसलेली जागा सोडून तुझ्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसावंसं वाटत होतं, आणि मधे मॅडमचं टेबल होतं.

निकाल तुला लेखी येईलच. घर चालू धरलं आहे. रेषा दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर. तुझ्या दारापुढची मोकळी जागा आणि पायऱ्या जातील, भिंत राहील, खोली राहील. समोर इस्त्रीवाल्याचा पत्रा मागे घ्यावा लागेल. सुनावणीला तोही आला होता. जिन्यात मला म्हणाला, "काय ताई, सापडलं का शोधत होता ते? माझ्या पत्र्याचा बळी देऊन सापडलं." मी माफी मागितली. तो म्हणाला, माफीने सावली पडत नाही. बरोबर आहे त्याचं. त्याच्या पत्र्यासाठी रस्त्याच्या कडेला जागा सुचवता येते का, ते पट्टीकाका बघताहेत.

माझं असं: प्रमाणपत्र रोखलं आहे. सगळी दोनशे बारा घरं पुन्हा करायची, पट्टीकाकांच्या देखरेखीखाली. ते नीट झालं तर सहा महिन्यांनी मिळेल. जूनचं काम गेलं. छोटी आईला सांगितलं, ती म्हणाली, "जाऊ दे, तू जेव." बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तुमचा रस्ता पुढच्या गुरुवारी आहे. सकाळी दहाला सुरू करतो आम्ही. तुझ्या घराचं काम पट्टीकाका एकटे करू शकतात. मी समोर थांबेन. तुला जसं बरं वाटेल तसं. कळवलं नाहीस तर मी नको असं समजेन.

भाची


२२ मार्च

पोरी,

तुझी सगळी पत्रं मिळाली. पहिलं आलं त्या दिवशीच जाऊन नोटीस वाचली. अर्ज तेव्हाच भरून ठेवला होता. द्यायला महिना लागला, कारण तो दिला की तू लिहिणं बंद केलं असतंस.

मला तुझ्यासारखं लांब लिहिता येत नाही. हाताला सवय यंत्राची.

हो, होते घरात. तू पहिल्यांदा वाजवलंस तेव्हा मी उठले. दाराशी आले. कडीला हात लावला. मग मनात आलं, आता आठवण झाली का, थांब जरा बाहेर. तू हाक मारलीस. तरी मी थांबले. म्हटलं अजून एकदा मारू दे. तू मारली नाहीस, पायरीवर बसलीस. फटीतून तुझी वेणी दिसत होती, कुणीतरी वाकडी घातलेली. मी आत उभी, तू बाहेर बसलेली, असा अर्धा तास गेला. मग तू उठलीस, आणि मी दार उघडेपर्यंत बोळ रिकामा झाला होता. धावले असते तर सापडली असतीस. धावले नाही.

चाळीस वर्षांची बाई अकरा वर्षांच्या मुलीवर रुसली. लिफ्टचं मला आत्ता कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी रुसलेच असते, असा माझा स्वभाव. पुढे तुझ्याकडे यायचं किती वेळा ठरवलं. पण येऊन सांगणार काय, मी घरातच होते म्हणून? ते सांगायची लाज इतकी वाढत गेली की तुला न भेटणंच सोपं झालं. त्याची शिक्षा मी तुला दिली, आणि तू सगळ्यांना सांगत राहिलीस की मावशी घरी नव्हती. हे तुझ्या पत्रात वाचलं आणि यंत्र बंद करून बसले. त्या दिवशी काही काम झालं नाही.

जानेवारीत तुला पाहिलं होतं. तिन्ही दिवस. इस्त्रीवाल्याच्या पत्र्याखाली, हातात तक्ता. तेव्हाही मला खिडकीतून हाक मारता आली असती. म्हणून तुझ्या मॅडमना सांगितलं त्यात खोटं काही नाही. तारीख तेवढी सांगितली नाही.

राग आला तर येऊ दे. घेऊन ये. मला तो ऐकायचा आहे.

इस्त्रीवाल्याला सांगितलं आहे, पत्रा हलेपर्यंत आणि हलल्यावरही दुपारी माझ्या बोळात बसत जा, सावली आहे. तो बघतो म्हणाला.

गुरुवारी तुमच्या काकांना एकट्याला पाठवू नकोस. मी घरी आहे.

मावशी